टावी करताना पायाच्या रक्तवाहिनीला धोका असतो म्हणतात, ते कितपत खरं?

तुम्ही लिहिलंय की आई ७८ वर्षांच्या, हृदयाची झडप आकसलीये, टावी (छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवणं) ठरलीये आणि सही घेताना "पायाच्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते" हे ऐकून तुम्ही हबकलात, की हृदयाच्या कामात पाय कुठून आला? मी कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या नळीवाल्या तपासण्या-उपचार होतात ती खोली) टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे आईंच्या केसबद्दल काही बोलणार नाही, पण धोका खराय आणि त्याचा बराचसा अंदाज आधीच येतो.

झडप जांघेतल्या धमनीतूनच वर जाते हो. साध्या अँजिओग्राफीची नळी जेमतेम दोन मिलिमीटरची, तीही हल्ली मनगटातून घालतात. टावीची झडप कितीही दाबून बारीक केली तरी तिला आज साधारण १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी लागते, म्हणजे आतून पावणेपाच मिमी, आणि बाहेरून त्याहून जाड. धमनी निदान पाच-साडेपाच मिमी तरी पाहिजे. बायकांच्या धमन्या मुळात बारीक, त्यात वयामुळे कॅल्शियम साचलेलं, वळणं आलेली, मग ते अरुंद बोळात टेम्पो घालण्यासारखं होतं. म्हणून टावीच्या आधीचा सीटी फक्त हृदयाचा नसतो, पार जांघेपर्यंत काढतात, आणि माझ्या मते सगळ्या फाइलीत तोच रिपोर्ट सर्वात कामाचा. डॉक्टरांना सरळ विचारा की धमनी सगळ्यात अरुंद कुठे आहे आणि तिथे किती मिमी आहे, कॅल्शियम गोल कड्यासारखं आहे का, आणि काही झालंच तर रक्तवाहिन्यांचे सर्जन त्या वेळी हाताशी असतील का. धमनी फारच खराब असेल तर कॅल्शियम आधी फोडून घेतात नाहीतर खांद्याकडून जातात, वाट एकच नसते.

आकडे पण बघा. २०१० च्या पार्टनर नावाच्या टावीच्या ट्रायलमध्ये (पेशंटवरच्या चाचणीत) नळ्या २२-२४ फ्रेंचच्या होत्या, तेव्हा रक्तवाहिनीचे मोठे त्रास शंभरात १६ जणांना झाले. २०१९ च्या पार्टनर ३ मध्ये हेच शंभरात २ वर आलं. अर्थात पहिल्यातले पेशंट ऑपरेशन न झेपणारे होते आणि दुसऱ्यातले बरेच धडधाकट, त्यामुळे सगळं श्रेय नळीला देता येत नाही.

आता होतं काय, तर बहुतेक वेळा जांघेत रक्त साकळून काळंनिळं होतं, ते उतरतं. कधी धमनीचं आतलं अस्तर सुटतं, किंवा भोक बंद करायला घातलेला टाका नीट धरत नाही, मग तिथेच फुगा फुगवून किंवा कव्हर्ड स्टेंट (अस्तर लावलेली जाळीची नळी) टाकून भागतं, क्वचित सर्जनला उघडावं लागतं. मला स्वतःला भीती वाटते ती पोटाच्या मागे होणाऱ्या रक्तस्रावाची, कारण जांघ बाहेरून एकदम छान दिसते आणि आत रक्त जमत असतं. पेशंट म्हणतो कंबर दुखतेय, नातेवाईक म्हणतात झोपून झोपून दुखत असेल, आणि तिकडे बीपी खाली. त्यामुळे पहिल्या रात्री कंबर, कूस किंवा पोट दुखलं, घाम फुटला, गरगरलं तर सिस्टरना लगेच हाक मारा, त्या चिडल्या तरी चालेल.

घरी गेल्यावर जांघेत ठणकणारी, हाताला धडधड लागणारी गाठ आली तर डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी लागते, बऱ्याचदा ते इंजेक्शनवर निभावतं. पण पाय गार, पांढरा किंवा बधिर पडला तर सकाळपर्यंत थांबू नका, तसंच उचलून न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या घाबरून मनाने बंद करू नका, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत उकिडवं बसणं, खाली बसायचा संडास, भरलेली बादली उचलणं हे सगळं बंद. खोकला आला तर जांघेवर हात दाबून खोकायला सांगा.