आधी पत्ता, मग बर्लिन

तुझ्या मेसेजमध्ये खरं तर घरातल्या सगळ्यांचेच प्रश्न आलेत. ऑक्टोबरपासून बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायचंय, ऍडमिशन लेटर आलंय, सोबत काम करून कर्ज फिटेल का, हा तुझा प्रश्न. एकूण किती पैसे लागतील, हा बाबांचा. पोरगी खाणार काय, हा आईचा. आणि ‘खोलीचं तिकडे गेल्यावर बघू, आधी व्हिसाचं उरकू’ हे तुमच्या एजंटचं म्हणणं. तो काही प्रश्न नाही, पण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अगं, या शहरात खोली म्हणजे नुसतं डोकं टेकायला छप्पर नव्हे. राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन आपला पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो. त्या कागदाचं नाव इतकं लांब आहे की मला दोन वर्षांनीसुद्धा एका दमात म्हणता येत नाही. ही नोंद झाली की दोन-तीन आठवड्यांत टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. टॅक्स नंबर आला की कामाचा पगार सुरळीत होतो. रेसिडेन्स परमिटलाही पत्त्याची नोंद लागते, बऱ्याच बँकांनाही लागते. म्हणजे पत्ता नाही तर पुढचं सगळं अडतं. आणि एजंट म्हणतो, गेल्यावर बघू!

मी स्वतः ‘गेल्यावर बघू’वालीच होते. सांगलीहून निघाले तेव्हा एका व्हॉट्सऍप ग्रुपवरून वेडिंग भागातली खोली ठरवली होती, तीन महिन्यांसाठी. गेल्यावर कळलं की जिने खोली दिली ती स्वतःच भाडेकरू, मूळ मालकाला माझी खबरच नाही, त्यामुळे सहीचा कागद मिळणार नाही. तेही चालवून घेतलं असतं, पण खरी गंमत पुढे झाली. इथल्या इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा नंबर आणि आडनाव. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो. नाव नसलं तर पत्र परत. आणि इथे सगळं पत्रानेच येतं: बँकेच्या कार्डाचा पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, सगळं. माझा पिन दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा मागवला तेव्हा मी वहीचा कागद कापून त्यावर मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं आणि पेटीवर चिकटपट्टीने लावलं. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या केअरटेकरने तो कागद सोलून काढला. मी परत लावला. त्याने परत काढला. असं चार दिवस चाललं. शेवटी मी सकाळी जिन्यात बसून पोस्टमनची वाट पाहिली आणि पाकीट हातात घेतलं. बाहेर चार अंश तापमान, आणि मी स्वेटरवर शाल घेऊन जिन्यात, एसटीची वाट बघत बसावं तशी.

तर तू काय करायचंस? विद्यार्थ्यांच्या सरकारी वसतिगृहासाठी, म्हणजे श्टुडिरेंडनवेर्ककडे, आजच अर्ज कर. उद्या नाही, आज. शहरात विद्यार्थी दोन लाखांच्या आसपास आणि त्यांच्याकडच्या जागा नऊ हजारांच्या आसपास, तेव्हा वेटिंग लिस्ट किती मोठी असेल बघ. मला पाचव्या महिन्यात मार्त्सानला खोली मिळाली. शहराच्या पूर्वेचं टोक आहे ते, सगळीकडे उंच उंच इमारती. लोक नाक मुरडतात, पण एस-सात लोकल तिथून थेट झू स्टेशनपर्यंत जाते आणि तिथून युनिव्हर्सिटी चालत. ऑफर आली तर भाग बघून नाही म्हणू नकोस.

वसतिगृह मिळेपर्यंत दोन मार्ग. एक म्हणजे कोणी काही महिने बाहेरगावी जातं, त्या काळापुरती त्याची खोली घेणं. दुसरा म्हणजे ‘वेगे’, तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली. वेगेत मुलाखत असते, आणि ती नोकरीच्या मुलाखतीपेक्षा अवघड असते. मी साठेक मेसेज पाठवले, उत्तरं आली पाच. पहिल्या तीस मेसेजांची सुरुवात मी ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ अशी केली होती, त्यातल्या एकालाही उत्तर नाही. मग एका मैत्रिणीने झापलं, त्यांना अर्ज नकोय, माणूस हवाय. त्यानंतर मी काय शिजवते, किती वाजता झोपते, भांडी लगेच घासते का (हो म्हणाले, थोडं खोटंच), असलं लिहायला लागले आणि उत्तरं यायला लागली.

फोनवर बोलताना एक वाक्य पाठ कर: ‘आनमेल्डुंग म्योगलिश?’ म्हणजे पत्ता नोंदवता येईल का. उत्तरात चाचपडणं ऐकू आलं की पुढे बोलूच नकोस. भाडं ‘काल्ट’ आहे की ‘वार्म’ तेही विचार. काल्ट म्हणजे हीटिंगशिवाय. वार्ममध्ये हीटिंग धरलेलं असतं, पण वीज आणि इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. डिपॉझिट कायद्याने काल्ट भाड्याच्या तीन पटींहून जास्त घेता येत नाही. आणि ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगणारा कितीही सज्जन वाटला, त्याने पासपोर्टचा फोटो पाठवला, तरी एक युरो द्यायचा नाही. माझ्या बॅचच्या एका मुलाचे बाराशे युरो असेच गेले. तो इन्फोसिसमध्ये चार वर्षं नोकरी करून आलेला होता, म्हणजे भोळाही नव्हता.

आता बाबांचा प्रश्न. सरकारी विद्यापीठ असल्यामुळे ट्यूशन फी नाही, हे त्यांना पुन्हा एकदा सांग. त्यांचा विश्वास बसत नसेल, माझ्याही बाबांचा बसला नव्हता. दर सहा महिन्यांना साडेतीनशेच्या आसपास युरो सेमिस्टरचे भरायचे, त्यातच देशभरच्या लोकल आणि बसचा पास येतो. व्हिसासाठी श्पेर्कोन्टोत, म्हणजे ब्लॉक केलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ तुला मिळतात. हा आकडा बदलत असतो, निघताना परत बघ. या ९९२ मधून माझं पहिल्या वर्षी असं जायचं: वसतिगृहाआधीच्या खोलीला सहाशे, आरोग्य विम्याला दीडशेच्या आसपास, उरलेल्यात जेवण, फोन, आणि थंडीचे बूट. बूट इथेच घे. पुण्यात घेतलेले बूट पहिल्या बर्फात फुगले. शिवाय रेडिओ-टीव्हीचा कर महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो की नसो. तो दर घरामागे असतो, त्यामुळे वेगेत वाटून घ्यायचा. या कराचं पत्र आलं की लोकांना फ्रॉड वाटतं, पण ते खरं असतं.

एक गोष्ट एजंट सांगत नाही. ब्लॉक केलेल्या खात्यातले पैसे इथलं बँक खाते उघडल्यावरच सुटतात, आणि डिपॉझिट तर पहिल्याच दिवशी द्यावं लागतं. तेव्हा त्या रकमेव्यतिरिक्त दोन हजार युरो तरी हाताशी ठेवून ये. कर्जाच्या मंजुरीतच ते धरायला सांग, नंतर बँक मॅनेजरच्या मागे लागणं लांबून जमत नाही.

काम करून कर्ज फिटेल का? शिकत असताना नाही. आठवड्याला २० तास काम करता येतं. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे पूर्ण वीस तास मिळाले तर हातात महिन्याला हजार-अकराशे पडतात. त्यात तुझं इथलं राहणं-खाणं निघेल, हप्ते नाही. आणि हे वीस तास आल्या आल्या मिळत नाहीत. माझ्या शाखेतलं काम, ज्याला वेर्कश्टुडेंट म्हणतात, ते मला तिसऱ्या सेमिस्टरला मिळालं, तेही जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंत, आल्यावर. तोवर एका बेकरीत पहाटे पाचला ब्रेड लावत होते. जेवण पोचवण्याचं काम लगेच मिळतं, पण जानेवारीत रात्री सायकलवरून जाताना बोटं गळून पडतील असं वाटतं. मी ते अकरा दिवस केलं.

म्हणून जर्मन. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून भाषेची गरज नाही, असं सांगणाऱ्याने कोर्सपुरतंच खरं सांगितलं. अजून हातात महिने आहेत, पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, इचलकरंजीहून रोज जाणं होणार नाही, पण ऑनलाइन तर होईल. ए-टू, म्हणजे दुसरी पातळी, करून आलीस तर वॉर्ड ऑफिसात आणि घरमालकाशी फोनवर निभेल.

पासपोर्टवरचं नाव एकदा नीट बघ. आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं, ते इथे तुझं दुसरं नाव समजतात. माझ्या विम्याच्या कार्डावर माझ्या नावानंतर बाळासाहेब आहे. दवाखान्यात रिसेप्शनिस्ट मोठ्याने हाक मारते, ‘फ्राउ बाळासाहेब!’ म्हणजे श्रीमती बाळासाहेब. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, की बाबा कुठून आले. बदलायच्या भानगडीत पडू नकोस, फक्त सगळ्या कागदांवर एकसारखंच राहू दे, एकीकडे वडिलांचं नाव आणि एकीकडे नाही असं व्हायला नको.

शिक्षणाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणजे ते जमेल असं गृहीत धरलंयस. जमेल, पण पद्धत वेगळी आहे. वेळापत्रकात दहा लिहिलं असेल आणि पुढे ‘सी.टी.’ असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. मी पहिल्या दिवशी पावणेदहाला जाऊन बसले आणि दहा वाजले तरी वर्ग रिकामा बघून, तास रद्द झाला असं समजून निघून जात होते. तास संपला की सगळे बाकांवर मुठीने टकटक करतात. ती टाळ्यांच्या जागी असते. आपल्याकडे बाक वाजवला की वर्गाबाहेर काढतात, त्यामुळे मला हात उचलायलाच दोन आठवडे लागले. हजेरी कोणी घेत नाही. परीक्षेसाठी मात्र वेगळं नाव नोंदवावं लागतं, ते तू विसरलीस तर कोणी आठवण करत नाही. एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास झालीस तर प्रयत्न मोजके असतात, माझ्या कोर्सला तीन होते, त्यानंतर कोर्स बंद. आणि गुण उलटे. १.० सगळ्यात चांगले, ४.० काठावर पास. मी फोनवर बाबांना १.७ सांगितले तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, ‘पुढच्या वेळी कर अभ्यास.’

आता काकूंसाठी, म्हणजे तुझ्या आईसाठी. तूरडाळ, पोहे, चक्की आटा सगळं भारतीय दुकानांत मिळतं, महाग पडतं पण मिळतं. गोडा मसाला आणि मेतकूट घरून आण. पेढे आणि तूप आणू नकोस, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. छोटा कुकर आण, पण स्टीलचा. शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. फोडणी देताना खिडकी उघड आणि खोलीचं दार लाव, छताला स्मोक अलार्म असतो आणि त्याला मोहरी-मिरचीचं वावडं आहे. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. एकदा अकरा वाजता मी भाताला कुकर लावला आणि शेजारच्या पोर्तुगीज मुलाने घाबरून दार ठोठावलं, काहीतरी फुटणार आहे का म्हणून. त्याला वरण-भात वाढला, तेव्हापासून तो शिट्ट्या मोजतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी आणून ठेवायची.

एकटं वाटतं का? डिसेंबरात वाटतं. चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, सकाळी आठनंतर उगवतो, आणि ढगांमुळे मधल्या वेळातही दिसत नाही. त्या दिवसांत मी संध्याकाळच्या तासांना मुद्दाम जायचे, घरी बसायचे नाही. पण जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि टेम्पलहोफला जाता येतं. तो जुना विमानतळ आहे, २००८ साली बंद झाला, २०१० पासून लोकांसाठी मैदान म्हणून खुला आहे. धावपट्टीवर मुलं सायकली चालवतात, पतंग उडवतात. मी तिथे डब्यात थालीपीठ नेऊन बसते. मार्त्सानच्या खोलीतल्या पहिल्या दिवाळीला खिडकीत आकाशकंदील लावला होता, खालून एका आजींनी हात केला, बस्स, तेवढंच, पण रात्रभर बरं वाटलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचायचं बघ. मी तुला पहिले चार-पाच दिवस माझ्याकडे ठेवून घेऊ शकते, पण पत्त्याची नोंद माझ्या खोलीवर होणार नाही, वसतिगृहाचा नियम आहे. खोलीचा करार आला की सही करायच्या आधी मला फोटो पाठव, सगळ्या पानांचा, मागच्या बारीक अक्षरांचासुद्धा. आणि पेटीवर नाव कोण लावणार, तेही मालकाला आधीच विचारून ठेव.