काटा लालकडे, बॅटरी झोपलेली: जुन्या गाड्यांचे प्रश्न

ऊन तापायला लागलं की जुन्या डिझेल गाड्यांचे प्रश्न वाढतात, म्हणून या अंकातली सगळी जागा त्यांनाच दिलीय. बऱ्याच पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली, मोठा पार्ट आधीच बदलून झालाय आणि वायर, झाकण, जाळी कोणी बघितलेलीच नाही.

प्रश्न: दादा नमस्कार, माझी २००८ ची सात सीटर डिझेल गाडी आहे. चाळीसगाव ते धुळे एसी लावून कितीही पळवा, टेम्परेचरचा काटा हलत नाही. कन्नडचा घाट चढायला लागलो की अर्ध्यातच काटा लालकडे. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल. काय करू भो? (चाळीसगाव)

उत्तर: भाऊ, हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग, त्यासाठी हेड उतरवायची घाई करू नका, अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सपाटीवर पळताना समोरची हवा रेडिएटरच्या जाळीतून फुकटात जाते, पण घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिनवर पूर्ण लोड आणि वारा जवळपास नाहीच, तिथं सगळी भिस्त फॅनवर. म्हणून संशय आधी फॅनवर घ्यायचा. त्या काळातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत फॅन व्हिस्कस कपलिंगवर बसलेला असतो, आत सिलिकॉन ऑइल असतं आणि गरम हवा लागली की ते कपलिंग फॅनला घट्ट धरतं. ऑइल गळून गेलं की फॅन फिरताना दिसतो पण हवा ओढत नाही. गाडी चांगली तापली की इंजिन बंद करा, चावी खिशात टाका आणि फॅन हाताने ढकलून बघा. जड लागला तर ठीक, भिंगरीसारखा फिरत राहिला तर कपलिंग संपलं. इलेक्ट्रिक फॅन असेल तर मात्र हात घालूच नका, तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. तिथं एवढंच बघायचं की एसी लावल्यावर फॅन लागतो का.

मग जाळी. पुढून बघितली तर स्वच्छच दिसते, खरी घाण एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असते. कापसाच्या सीझनला जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणं असेल तर रुई, धूळ आणि किडे मिळून तिथं राखाडी थर बसतो, बोटाने ओढला तर अख्खा निघून येतो. पाणी इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला मारायचं, आणि साध्या पाइपने, वॉशिंग सेंटरच्या गनने पाती वाकतात. रेडिएटरचं झाकणही बदलून टाका, स्वस्त असतं. झाकण प्रेशर धरून ठेवतं, वर १ बार प्रेशर असलं तर पाणी १०० ऐवजी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं. त्याचं रबर कडक झालं की पाणी लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. आणि बोअरचं पाणी ओतत असाल तर आजपासून बंद, आपल्याकडचं पाणी जड आहे, आतून क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं टाका.

हेड गॅस्केटची लक्षणं वेगळी असतात. बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होत राहतं, गार इंजिनवर झाकण उघडून गाडी चालू केली की पाण्यात सारखे बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल दुधाळ. यातलं काही नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. कोणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू म्हणालं तर तेही नको, थंडीत इंजिन गरमच होणार नाही आणि डिझेल जास्त जाईल. घाटात काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर फुल गरमवर, काचा खाली. मे महिन्यात हा उपाय ऐकून शिव्या द्याल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. वाफ दिसली तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि गरम असताना झाकण अजिबात उघडू नका, लोकांचे हात-तोंड भाजतात त्यात.

प्रश्न: गाडी केळीच्या मळ्यात चार दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. बॅटरी नवीन टाकली, डायनॅमो रिपेअर केला तरी तेच. स्टिरिओ, हॉर्न आणि एलईडी पट्टी बाहेरून बसवलेली आहे. कधी कधी तर बॅटरी फुल असूनही सेल्फ मारला की नुसता टक आवाज येतो. (रावेर)

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोन्हीला एकच औषध दिलं. आधी टक. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंदावले तर बॅटरी नाहीतर तिचे टर्मिनल, लाइट तसेच राहिले आणि टक वाजलं तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) नाहीतर त्याच्याकडे जाणारी लाइन. पण जुन्या गाडीत मी आधी अर्थिंग बघतो. बॅटरीच्या मायनसची एक जाड पट्टी इंजिनला आणि बॉडीला जाते, बोल्टखाली गंज आणि ऑइल बसलं की सेल्फला करंट पोचतच नाही. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिशपेपरने घासा, व्हॅसलीन लावून घट्ट आवळा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खायचा सोडा आणि गरम पाणी. मायनस आधी काढायचा, लावताना शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी.

आता चार दिवसात बॅटरी उतरते ते. स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत, एवढे येत असतील तर डायनॅमो चार्ज करतोय, पुन्हा खर्च नको. रात्रीतून कोणीतरी करंट खातंय. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावा, सगळी दारं बंद, मायनस केबल काढून मध्ये मीटर घाला आणि थोडा वेळ थांबा. ५० मिलीअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडला ती लाइन चोर. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. माझा पहिला संशय तुमच्या स्टिरिओवर, हॉर्नवर आणि त्या एलईडी पट्टीवर आहे, बाहेरून बसवणारे लोक घाईत सरळ बॅटरीवरच लाइन मारतात. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर मायनस सुटा ठेवून डायनॅमोची जाड वायर काढा, तिला टेप गुंडाळा आणि मीटर पुन्हा लावा, आता आकडा पडला तर डायनॅमोतला डायोड गळतोय, म्हणजे करंट उलटा जाऊ देतोय. आणि मळ्यात उभी राहते म्हणताय तर बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघून घ्या.

प्रश्न: सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर. (शिरपूर)

उत्तर: डिझेलची लाइन एअर घेतेय, रात्रीत डिझेल टाकीकडे परत जातं. चालू करायच्या आधी फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मग लगेच चालू झाली तर खात्रीच. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला की बुडबुडे डोळ्याने दिसतात. तांब्याचे वॉशर, चिरलेले रबरी पाइप आणि फिल्टरचं रबर हे तीन बघा, पंप उतरवायचं नाव काढू नका. फिल्टरखालचा नळ उघडून साचलेलं पाणीही सोडून द्या. हातपंपाने काही फरक पडला नाही आणि त्रास फक्त थंडीतच असेल तर ग्लो प्लग (गार इंजिन चालू करताना आतून तापवणारे प्लग) बघा.

प्रश्न: तोरणमाळ उतरताना ब्रेक पेडल मऊ पडलं, खाली आल्यावर ठीक. (शहादा)

उत्तर: ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवीन डॉट ३ ग्रेडचं ऑइल कमीत कमी २०५ डिग्रीला उकळतं, ओल धरली की १४० पर्यंत येऊ शकतं. घाटात सारखा ब्रेक दाबला की आत वाफ होते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा.

प्रश्न: रात्री साक्रीहून धुळ्याला येते, हेडलाइट पिवळे पडलेत. १०० वॅटचे बल्ब टाकू का? (साक्री)

उत्तर: नको ताई. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, १०० वॅटने तो स्विच वितळतो, शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात. बल्ब ५५/६० वॅटचाच ठेवा आणि रिले किट (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून जाड वायरने थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून लाइन घ्या. काच पिवळी झाली असेल तर ती आधी पॉलिश करून घ्या. नवीन बल्बच्या काचेला उघडं बोट लावू नका, तेलकट डागाने तो लवकर उडतो.