अमेरिकेत सरकारी जागेत 'दहा आज्ञा' (बायबलमधले देवाचे दहा नियम) लावलेल्या चालतात की नाही? एकाच दिवशी दोन उलट निकाल कसे लागले?

चालतात आणि नाहीही. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कुठलाही धर्म पुढे करायला मनाई करते, पण कुठे, कधी आणि कशासाठी लावल्या, यावर सगळं अवलंबून.

27 जून 2005 चे ते दोन निकाल. टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात सहा फुटी दगड उभा आहे, त्यावर दहा आज्ञा कोरलेल्या. 1961 साली एका सामाजिक संस्थेने दिलेला, आजूबाजूला इतरही स्मारकं. चाळीस वर्षं कोणी कोर्टात गेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राहू द्या.

केंटकी राज्यात मात्र दोन काउंटींनी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांनी) 1999 मध्ये कोर्टाच्या इमारतींत याच आज्ञा फ्रेम करून टांगल्या. खटला होताच भोवती इतर कागदपत्रं लावली, मग तिसऱ्यांदा मॅग्ना कार्टा (राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी इंग्लंडची जुनी सनद) वगैरे आणून त्याला कायद्याच्या इतिहासाचं प्रदर्शन म्हटलं. न्यायाधीशांना ही सारवासारव कळली. हेतू धार्मिकच, म्हणून नामंजूर.

दोन्हीकडे 5 विरुद्ध 4, आणि दोन्हीकडे बहुमतात असलेले एकटे न्यायमूर्ती ब्रेयर! म्हणजे 'राज्यघटनेची पहिली दुरुस्ती' वगैरे खरं, पण निकाल एका माणसाच्या मतावर फिरला. मला हा प्रकार कायद्यापेक्षा अंदाजपंचेच जास्त वाटतो.

त्यानंतर वारा जुन्या स्मारकांच्या बाजूने वाहिला. मेरीलँडमधल्या ब्लेडन्सबर्गला पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी 1925 मध्ये पूर्ण झालेला चाळीस फुटी क्रॉस सरकारी जमिनीवर आहे. 2019 मध्ये तो 7 विरुद्ध 2 मतांनी वाचला. नवा क्रॉस उभारायला मात्र त्या निकालाने सरसकट परवाना दिलेला नाही.