कमी भागांच्या, फारशा कुणी न पाहिलेल्या पण बघण्यासारख्या मालिका कोणत्या?

आठ-आठ सीझनच्या मालिकांचा कंटाळा आलाय, आठवड्याभरात संपतील आणि प्रत्येक यादीत तीच तीच नावं नसतील अशा मालिका सुचवा, असं तुम्ही विचारलंय. सुचवतो, पण आधी थोडं सावध करतो.

छोट्या मालिका दोन प्रकारच्या असतात. काही लेखकाने तेवढ्याच लिहिलेल्या असतात, काहींचा वाहिनीने मध्येच गळा दाबलेला असतो. दुसऱ्या प्रकारातल्या मालिका लोक फार प्रेमाने सुचवतात, पण शेवटचा भाग गोष्ट हवेत लटकत ठेवून संपतो हे सांगायला सोयीस्करपणे विसरतात. मी 'द अवर' अशीच कुणाच्या तरी शिफारशीवरून पाहिली. १९५६ सालची बीबीसीची न्यूजरूम, सुएझ कालव्यावरून पेटलेला पेचप्रसंग, आणि नटमंडळी बेन व्हिशॉ, रोमोला गराय, डॉमिनिक वेस्ट. बाराच्या बारा भाग झकास. आणि बारावा भाग नेमका अशा ठिकाणी संपतो की रिमोट फेकून मारावासा वाटतो. पुढचा सीझन आलाच नाही. तेव्हापासून माझी एकच अट आहे : मालिका बंद पडलेली असली तरी चालेल, पण शेवटी फसवल्यासारखं वाटता कामा नये. खालच्या सगळ्या त्या अटीत बसतात.

सगळ्यात आधी 'स्लिंग्ज अँड ॲरोज'. कॅनडाची मालिका, २००३ ते २००६, सहा-सहा भागांचे तीन सीझन. न्यू बर्बेज नावाच्या काल्पनिक गावातला शेक्सपिअर महोत्सव आणि तो चालवणारी माणसं. दरवर्षी एक मोठं नाटक बसतं : पहिल्या सीझनला हॅम्लेट, दुसऱ्याला मॅकबेथ, तिसऱ्याला किंग लिअर. जेफ्री टेनंट हा नट पूर्वी हॅम्लेट करताना भर प्रयोगात कोसळलेला, डोकं ठिकाणावर नाही अशी ख्याती झालेला. त्याचा जुना दिग्दर्शक ऑलिव्हर ट्रकखाली येऊन मरतो (ट्रक डुकराच्या मांसाचा, विनोदाची पातळी इथेच कळते) आणि महोत्सवाची जबाबदारी जेफ्रीच्या गळ्यात पडते. ऑलिव्हर मेला तरी जात नाही, भूत होऊन तालमीत सूचना देत राहतो. शिवाय मृत्युपत्रात लिहून ठेवतो की माझी कवटी नाटकात योरिकची (हॅम्लेट हातात धरून बोलतो त्या मेलेल्या विदूषकाची) कवटी म्हणून वापरा.

मी हौशी नाटकांत बरीच वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग केलंय. तालमीतली भांडणं, ऐनवेळी घसा बसलेला नट, नाटकातलं ओ की ठो न कळणारा पण तिकीटविक्रीचा तक्ता तोंडपाठ असणारा व्यवस्थापक, हे सगळं या मालिकेइतकं खरं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि गंमत अशी की नाटक बसवताना होणाऱ्या चर्चेतून शेक्सपिअर कळत जातो. हॅम्लेट न वाचलेल्या माणसालाही सहाव्या भागात गलबलून येतं. तिसऱ्या सीझनमध्ये म्हातारा नट लिअर करतो. ती भूमिका विल्यम हट यांनी केली आहे, जे स्वतः कॅनडाच्या रंगभूमीवरचे बुजुर्ग नट होते. २००७ मध्ये ते गेले. ते ठाऊक असताना तो सीझन पाहणं जड जातं. तरी पाहा.

यानंतर 'टेरियर्स'. २०१०, अमेरिकेची एफएक्स वाहिनी, एकच सीझन, १३ भाग. पोलिसातून बाहेर पडलेला, दारू सोडून कसाबसा उभा असलेला हँक आणि त्याचा मित्र, माजी भुरटा चोर ब्रिट, सॅन दिएगोच्या समुद्राकाठी परवान्याशिवाय गुप्तहेरगिरी करतात. छोटी छोटी कामं घेतात आणि त्यातूनच जमिनीच्या एका मोठ्या घोटाळ्यात गुंततात. खरी मजा तपासात नाही, या दोघांच्या मैत्रीत आहे. डोनल लोग आणि मायकेल रेमंड-जेम्स असे बोलतात की कुणीतरी चोरून त्यांचं बोलणं टेप केलंय असं वाटावं. हँकच्या बहिणीचं काम डोनल लोगच्या सख्ख्या बहिणीनेच केलंय.

मग ही चालली का नाही? नावामुळे, असं बरेचजण म्हणतात आणि मलाही ते पटतं. टेरियर म्हणजे कुत्र्याची जात, जाहिरातीतही कुत्रा. बघणाऱ्याला वाटणार की प्राण्यांचा काहीतरी कार्यक्रम आहे. (मालिकेत एक कुत्रा आहे, पण तो बुलडॉग.) शेवटचं दृश्य ट्रॅफिक सिग्नलपाशी आहे, एवढंच सांगतो. मालिका तिथे थांबली हे बरंच झालं असं मला वाटतं, आणि बंद पडलेल्या मालिकेबद्दल हे मी सहसा म्हणत नाही.

१३ हा आकडा तुम्हाला अमेरिकी मालिकांत वारंवार दिसेल. तीन महिन्यांचे १३ आठवडे, म्हणून मोठ्या वाहिन्या पूर्वी आधी तेवढेच भाग मागवायच्या. चाललं तर आणखी नऊ, मग सीझन २२ भागांचा. ब्रिटनमध्ये बऱ्याचदा सगळे भाग एकदोन लेखकच लिहितात, त्यामुळे सहा भागांत आटोपणं तिकडे अपयश धरत नाहीत. म्हणून तिकडची जुनी मालिका छोटी असली तरी बहुधा पूर्ण असते.

त्यातली माझी आवडती 'एज ऑफ डार्कनेस', १९८५, सहा भाग. एका पोलीस अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलीला गोळी घातली जाते. सगळे समजतात नेम त्याच्यावर होता. तो शोध घेत जातो तसा धागा अणुकचऱ्यापर्यंत पोचतो. बॉब पेकचा चेहरा बघत राहावा. फार कमी बोलतो, ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कार त्या वर्षी त्यालाच मिळाला. बीबीसी टूवर संपल्या संपल्या ती लगेच बीबीसी वनवर पुन्हा दाखवावी लागली. लेखक ट्रॉय केनेडी मार्टिन यांच्या मनात म्हणे शेवटी नायकाचं चक्क झाडात रूपांतर करायचं होतं. इतरांनी त्यांना रोखलं, आभार मानावेत तेवढे थोडे. २०१० मध्ये त्याच दिग्दर्शकाने यावर चित्रपट केला, त्याच्या वाटेला जाऊ नका.

हलकंफुलकं हवं असेल तर 'पोलीस स्क्वाड!', पोलिसी मालिकांची टिंगल करणारी अमेरिकी मालिका, १९८२, फक्त सहा भाग. चार दाखवल्यावर एबीसी वाहिनीने गुंडाळली. वाहिनीच्या वरिष्ठांनी कारण असं दिलं की ही मालिका कळायला ती लक्ष देऊन बघावी लागते! खरंच लागते. दर भागात खास पाहुण्या कलाकाराचं नाव झळकतं आणि शीर्षकं संपायच्या आत त्याचा खून होतो. भागाचं नाव पडद्यावर एक लिहिलेलं असतं, निवेदक वाचतो दुसरंच. शेवटी चित्र गोठवायचं सोडून नटच स्तब्ध उभे राहतात आणि मागे कॉफी कपाबाहेर सांडत राहते. यातूनच पुढे 'द नेकेड गन' हा चित्रपट आला आणि तो मात्र तुफान चालला.

'पेट्रियट' सगळ्यांना झेपेल असं नाही. दोन सीझन, १८ भाग, ॲमेझॉनची. गुप्तहेर जॉनला औद्योगिक पाइप बनवणाऱ्या कंपनीत साधा कर्मचारी म्हणून घुसवतात. त्याला पाइपांतलं काही कळत नाही, पैशांची बॅग हरवते, आणि मनावरचा ताण असह्य झाला की तो परक्या शहरात गिटार घेऊन आपल्या मोहिमांची गुपितं गाण्यांत गातो. पहिले दोन भाग कंटाळवाणे वाटतील. तिसऱ्यात हसू फुटलं नाही तर सोडून द्या.

एक व्यवहारी सूचना. जुन्या मालिका बघताना भागांचा क्रम तपासून घ्या. 'फायरफ्लाय' ही अंतराळातली मालिका फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये उलटसुलट क्रमाने दाखवली, पहिला भाग सगळ्यात शेवटी, आणि चौदापैकी तीन तर दाखवलेच नाहीत. डीव्हीडीवरचा क्रम बरोबर आहे, तोच धरा.

आज रात्री अर्धाच तास असेल तर 'पोलीस स्क्वाड!'चा पहिला भाग लावा. शनिवार-रविवार मोकळा असेल तर 'टेरियर्स'. 'स्लिंग्ज अँड ॲरोज'चा सहावा भाग मात्र दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नसेल तेव्हाच लावा.