मुहम्मद अलीशी रिंगमध्ये लढलेला, पण आज कुणाला न आठवणारा भारतीय बॉक्सर कोण?

कौर सिंग.

पंजाबचा फौजी गडी. १९८० मध्ये अली दिल्लीत आला, तेव्हा त्याच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण, मग पद्मश्री. आणि म्हातारपणी हृदयाच्या उपचारांसाठी कर्ज! २०२३ मध्ये गेले.

परळला मी जातो त्या जिमच्या भिंतीवर अलीचं पोस्टर आहे, कडा पिवळ्या पडलेलं. त्याखाली हाताला पट्ट्या गुंडाळत बसलेल्या पोरांना कौर सिंगांबद्दल विचारलं. मेरी कोम, विजेंदर झाले आणि गाडी अडली. एकाने तर विचारलं, "सिंगर आहे का?"

आपल्या महाराष्ट्रातलं नाव हवं असेल तर मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अधू झाले; तरी १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण मिळवलं. पद्मश्री यायला मात्र २०१८ उजाडलं, आणि बहुतेकांना नाव कळलं ते २०२४ मध्ये सिनेमा आला तेव्हा. जिममधल्या पोरांनाही. पण ते बॉक्सर होते, हे त्यातल्या दोघांनाच आठवत होतं.