वाचक विचारतात : हबलचे स्क्रू, बोल्ट आणि एक तुटलेला दांडा

प्रश्न : २००९ मध्ये अवकाशातल्या हबल दुर्बिणीतलं ‘स्टिस’ हे प्रकाशाचा वर्णपट नोंदवणारं उपकरण दुरुस्त करायला दोन अंतराळवीरांना आठ तास लागले असं वाचलं. एक झाकण उघडायला इतका वेळ?

उत्तर : आठ तास दोन मिनिटं, आणि कारण रास्त होतं. हबलमधलं उपकरण बिघडलं की पेटीसारखं अख्खं ओढून काढायचं आणि नवं सरकवायचं, अशी मूळ आखणी होती. स्टिस ऑगस्ट २००४ मध्ये बंद पडलं ते वीजपुरवठ्याच्या एका सर्किट कार्डामुळे. तेवढंच कार्ड बदलायचं ठरलं, पण त्यावरचं झाकण १०० हून जास्त बारीक स्क्रूंनी आवळलेलं होतं. अवकाशात ते कुणी उघडेल, असं बनवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं.

खरी अडचण स्क्रू सैल करण्याची नाही, तो सुटल्यानंतरची आहे. सुटलेला स्क्रू खाली पडत नाही. तरंगत दुर्बिणीच्या आत गेला तर कुठल्या यंत्रणेत अडकेल याचा नेम नाही. म्हणून झाकणावर आधी एक पारदर्शक पट्टी बसवली. तिला प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर भोक. त्यातून ड्रिलचं टोक आत जातं, पण स्क्रू बाहेर येऊ शकत नाही. शेवटी झाकण, पट्टी आणि तिच्यात अडकलेले सगळे स्क्रू एकत्रच निघाले. आम्हाला या मोहिमेतली सगळ्यात देखणी युक्ती हीच वाटते. नव्या झाकणाला स्क्रू ठेवलेच नाहीत, दोन खटके दाबले की ते बंद.

त्यात हातमोजे. पोशाखात शुद्ध ऑक्सिजन असतो, दाब वातावरणाच्या साधारण ०.३ पट. बाहेर निर्वात, त्यामुळे हातमोजा फुगून ताठ होतो आणि प्रत्येक वेळी मूठ वळताना त्या दाबाशी झगडावं लागतं. पाय पायबंदात अडकवलेले नसतील तर बोल्टऐवजी माणूसच फिरतो.

प्रश्न : त्याच वेळी एक दांडा हाताने तोडला म्हणतात. हे खरं?

उत्तर : खरं आहे. त्या दोघांपैकी एक अंतराळवीर, माइक मासिमिनो, यांनी तोडला. ती पट्टी बसवण्याआधी वाटेतला पकडीचा दांडा काढणं भाग होतं. त्याच्या चार बोल्टपैकी तीन निघाले. चौथ्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालं. अवजार फिरतं, बोल्ट हलत नाही. मग नासाच्या गॉडर्ड केंद्रातल्या अभियंत्यांनी जमिनीवर तसाच दांडा ओढून किती जोर लागतो ते मोजलं आणि परवानगी दिली. तुकडे उडू नयेत म्हणून दांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावली, दांडा धरून जोर लावला आणि बोल्ट तुटला.

त्याच मोहिमेच्या पहिल्या स्पेसवॉकमध्ये याहून मोठं संकट होतं. १९९३ पासून बसलेला कॅमेरा काढायचा होता, आणि त्याचा मुख्य बोल्ट हलेना. अवजारावर जोराची मर्यादा राखणारा भाग काढून अँड्र्यू फ्यूस्टेल यांनी जास्त जोर लावला. बोल्ट तुटला असता तर जुना कॅमेरा तिथेच अडकला असता आणि नवा बसलाच नसता. तो सुटला.

प्रश्न : १९९३ च्या दुरुस्तीत हबलचा सदोष मुख्य आरसाच का बदलला नाही?

उत्तर : २.४ मीटरचा आरसा दुर्बिणीच्या गाभ्यात आहे, तिथे हात पोचत नाही. त्याची कड सुमारे २.२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जास्त सपाट घासली गेली होती. चूक नेमकी माहीत असल्याने उलट्या आकाराचे छोटे आरसे पुढे बसवून ती भरून काढता आली. तेव्हा बसवलेल्या नव्या कॅमेऱ्यात ती दुरुस्ती आतच होती, उरलेल्या तीन उपकरणांसाठी अशा छोट्या आरशांचं ‘कोस्टार’ हे उपकरण बसवलं. पुढची सगळी उपकरणं स्वतःचा चष्मा घेऊनच आली, म्हणून २००९ मध्ये कोस्टार काढून परत आणलं.

प्रश्न : आता पुन्हा दुरुस्ती होईल का?

उत्तर : दुरुस्तीला अंतराळवीर ज्यातून जात ते स्पेस शटल २०११ मध्ये निवृत्त झालं. दुर्बीण पकडणारा यांत्रिक हात, एअरलॉक (यानातून निर्वात अवकाशात बाहेर पडायची खोली) आणि ती टेकवायची जागा हे सगळं त्यात एकत्र होतं. पुढेमागे एखादं यान जोडता यावं म्हणून २००९ मध्ये तळाशी एक कडं बसवून ठेवलं आहे. जून २०२४ पासून हबल एकाच जायरोस्कोपवर (दुर्बीण किती वळते ते मोजणारं यंत्र) निरीक्षणं करत आहे.