जेसनमधला क्रम टिकवायचा असेल तर

भावा, गुळाच्या सौद्याच्या पावतीत तारीख, वजन, दर असाच क्रम हवाय ना? मग पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जेसन (माहिती नाव-मूल्य जोड्यांत लिहायची पद्धत) साठवताना जेसनबी हा प्रकार घेऊ नकोस. तो आखूड ‘की’ (जोडीतलं नाव) आधी लावतो, म्हणजे दर, वजन, तारीख असं उलटंच येणार. साध्या जेसन प्रकारात मजकूर दिला तसाच राहतो. जेसन_बिल्ड_ऑब्जेक्ट या फंक्शनला ज्या क्रमाने जोड्या देशील त्याच क्रमाने बाहेर येतं. अनेक ओळींतून गोळा करताना जेसन_ऑब्जेक्ट_ॲग या फंक्शनच्या कंसातच ऑर्डर बाय (क्रम लावायचा आदेश) लिही, क्वेरीच्या शेवटी नको. एवढं करून पुढं कुठं जेसनबीत कास्ट केलंस (त्या प्रकारात बदललंस) की क्रम गेलाच. हे लई जणांच्या ध्यानात येत नाही. माझं ऐकशील तर क्रमावर हिशेब अवलंबून असेल तिथं ॲरेच (यादीच) घे. जेसनच्या मानकात ऑब्जेक्टला (जोड्यांच्या गटाला) क्रम नसतो, ॲरेला असतो.